कतरओमाइ: प्राचीन ग्रीकमधला ‘शाप देणे’ वाचायला शिकताना

होमरच्या इलियड या महाकाव्याच्या पहिल्याच सर्गात ख्रिसेस नावाचा म्हातारा पुजारी समुद्रकाठी एकटा जाऊन अपोलोला हाक मारतो. त्याची मुलगी लुटीत ग्रीकांचा सेनापती आगमेम्नॉन याच्या वाट्याला गेली आहे. खंडणी घेऊन तिला सोडवायला गेलेल्या बापाला अपमान करून हाकलून दिलं आहे. तो म्हणतो, माझ्या आसवांची भरपाई ग्रीकांकडून तुझ्या बाणांनी करून घे. मग नऊ दिवस छावणीत साथीचं थैमान. नवव्या सर्गात आल्थाया नावाची आई गुडघ्यांवर बसून जमिनीवर हात आपटते आणि आपल्याच मुलाचं, मेलेआग्रोसचं, मरण पाताळातल्या देवांकडे मागते.

या दोन्ही ठिकाणी होमर एकच रूप वापरतो: एऽरातो. पहिल्या ठिकाणी भाषांतरकार ‘प्रार्थना केली’ लिहितात, दुसऱ्या ठिकाणी ‘शाप दिला’. दोन्ही बरोबर आहेत. ग्रीक शिकायला नुकती सुरुवात केलेल्या माणसाला मी पहिल्यांदा हेच सांगेन: शापाच्या ग्रीक क्रियापदात मुळात शाप नाही, मागणं आहे. कोणी, कोणाकडे, कोणासाठी आणि काय मागितलं, हे वाक्यातून शोधलं की शाप आपोआप दिसतो. या लेखात जायचं आहे ते कतरओमाइ या क्रियापदापर्यंत. त्यासाठी संस्कृतचं शाळेत शिकवतात तेवढं ज्ञान असलं तर पुष्कळ सोपं जाईल, नसलं तरी अडणार नाही.

आधी लिपीचा करार

इथे सगळी रूपं देवनागरीत आहेत, तेव्हा काही गोष्टी ठरवून घेऊ. ग्रीकमध्ये ‘ए’ आणि ‘ओ’ हे दोन स्वर ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही, आणि दोन्हींना वेगळी अक्षरं आहेत. दीर्घ असतील तिथे मी अवग्रह लावला आहे: एऽ, ओऽ. ऱ्हस्व ‘अ’ तसाच, दीर्घ असेल तर ‘आ’. शब्दाच्या मधला ‘अ’ मराठी सवयीने गिळू नका. कतरओमाइ म्हणजे क-त-र-ओ-माइ, पाच अक्षरं, पाचही पूर्ण. शेवटचा ऱ्हस्व ‘अ’ आपण हमखास गिळतो, म्हणून तेवढा ‘आ’ असा लिहिला आहे.

थ, फ, ख मात्र अगदी मराठी थ, फ, ख म्हणा. अभिजात काळातल्या अथेन्समध्ये ही अक्षरं खरोखरच महाप्राण होती. युरोपातल्या विद्यार्थ्यांना हे उच्चार मुद्दाम शिकावे लागतात, आपल्याला ते आयतेच मिळालेले आहेत.

पहिली पायरी: शब्द योग्य जागी तोडा

कतरओमाइ पाहिल्यावर नवशिका तो ‘कत + रओमाइ’ असा तोडतो आणि शब्दकोशात ‘र’खाली शोधत बसतो. तिथे काही मिळत नाही. उपसर्ग आहे ‘कता’ (खाली, विरुद्ध) आणि मूळ क्रियापद आहे अरओमाइ. उपसर्गाचा शेवटचा स्वर पुढच्या ‘अ’पुढे लोप पावतो, म्हणून खरा तुकडा कत्-अरओमाइ असा पडतो.

मूळ अरओमाइ म्हणजे देवाला उद्देशून मोठ्याने मागणं मागणे, नवस बोलणे, आणि संदर्भ तसा असेल तर शाप उच्चारणे. त्याचं नाम अरा. होमरच्या भाषेत पुजाऱ्यासाठी जो एक शब्द आहे, आरेऽतेऽर, तो याच धातूचा. ख्रिसेसला पहिल्या सर्गाच्या अकराव्या ओळीत होमर हाच शब्द लावतो. म्हणजे आगमेम्नॉनने ज्याचा अपमान केला, त्याचा धंदाच ‘अरा’ उच्चारण्याचा होता. पुढे काय होणार हे त्या एका नामावरून ऐकणाऱ्याला कळत असणार.

पुढच्या काळात अरा या नामाचा कल शापाकडे झुकत गेला. आइस्खिलोसच्या इ.स.पू. 458 मधल्या नाटकात सूड घेणाऱ्या देवता, एरिन्युएस, स्वतःची ओळख करून देताना सांगतात की भूमीखालच्या आमच्या घरी आम्हाला ‘अराइ’ म्हणतात. शाप हा केवळ शब्द न राहता पाय फुटलेली देवता झाला आहे.

‘कता’ जोडला की संदिग्धता संपते. मागणं आता कोणाच्या तरी डोक्यावर खाली उतरवलं जातं. म्हणून कतरओमाइ प्रार्थनेसाठी येत नाही, शापासाठीच येतं. त्याचं नाम कतरा. तिसरा भाऊ एपरओमाइ, नाम एपरा, हाही शापच, आणि कोरीव लेखांत तो विशेष भेटतो.

दुसरी पायरी: रूपं

इथे जरा बसावं लागेल. हे क्रियापद संस्कृतातल्या आत्मनेपदासारख्या प्रत्ययांनीच चालतं. त्याला परस्मैपदी जोड नाही, म्हणजे ‘कतरओऽ’ असं साधं रूप भेटणार नाही. शिवाय ते संकोच पावणारं क्रियापद आहे: धातूच्या शेवटचा ‘अ’ आणि प्रत्ययाचा स्वर एकमेकांत मिसळतात. नियम दोनच लक्षात ठेवा. अ + ओ = ओऽ. अ + ए = आ.

त्यामुळे शब्दकोशात दिलेलं कतरओमाइ हे न मिसळलेलं रूप अथेन्सच्या लेखकांच्या मजकुरात कधीच सापडत नाही. ते फक्त कोशकारांच्या सोयीसाठी आहे. प्रत्यक्ष वर्तमानकाळ असा:

मी: कतरोऽमाइ
तू: कतराइ
तो, ती: कतराताइ
आम्ही: कतरोऽमेथा
तुम्ही: कतरास्थे
ते: कतरोऽन्ताइ

‘लभते, लभन्ते’ आठवा आणि कतराताइ, कतरोऽन्ताइ यांच्या शेपट्या त्याशेजारी ठेवा. ‘-ते’ आणि ‘-ताइ’, ‘-न्ते’ आणि ‘-न्ताइ’ ही एकाच घराण्यातली रूपं आहेत. भूतकाळातही ‘अलभत, अलभन्त’ यांच्या समोर ‘-तो, -न्तो’ उभे राहतात. पाठांतराचा निम्मा भार इथेच उतरतो.

भाववाचक रूप (‘शाप देणे’) कतरास्थाइ. धातुसाधित विशेषण (‘शाप देणारा’) कतरोऽमेनोस, आणि यातला ‘-मेनोस’ म्हणजे ‘लभमान’मधला ‘-मान’.

आता भूतकाळ. संस्कृतात ‘प्रति’ आणि ‘भाष्’ जोडून भूतकाळ करताना ‘अ’ कुठे येतो? ‘प्रत्यभाषत’, म्हणजे उपसर्ग आणि धातू यांच्यामध्ये. ग्रीकमध्येही तसंच. धातू स्वराने सुरू होत असेल तर तो स्वरच दीर्घ होतो, आणि ‘अ’चा दीर्घ इथे ‘एऽ’ होतो. म्हणून कत्-अर- चं कत्-एऽर-. अपूर्ण भूतकाळ (‘शाप देत होता, देत राहिला’) असा: कतेऽरोऽमेऽन, कतेऽरोऽ, कतेऽरातो, कतेऽरोऽमेथा, कतेऽरास्थे, कतेऽरोऽन्तो.

घडून गेलेल्या एकेका शापासाठी दुसरा भूतकाळ आहे, ज्याला व्याकरणात आओरिस्ट म्हणतात. त्याची खूण म्हणजे मध्ये बसलेला ‘स’: कतेऽरासमेऽन (मी), कतेऽरासोऽ (तू), कतेऽरासतो (तो), कतेऽरासन्तो (ते). भविष्यकाळ कतरासोमाइ. त्यात भूतकाळाची खूण नाही, म्हणून ‘ते’ पुन्हा ‘त’ झाला.

ज्यांनी तिमओऽ (मान देणे) हे नमुन्याचं क्रियापद आधी शिकलं आहे त्यांना इथे शंका येईल. तिमओऽचा भविष्यकाळ करताना ‘अ’चा ‘एऽ’ होतो, मग इथे ‘रा’ का, ‘रेऽ’ का नाही? कारण आधी ‘र’ आहे. अथेन्सच्या बोलीत ‘र’च्या मागे हा दीर्घ ‘आ’ टिकून राहतो. होमरच्या आयोनियन वळणाच्या भाषेत तो टिकत नाही. म्हणून इलियडच्या तिसऱ्या सर्गात दोन्ही सैन्यं हात वर करून प्रार्थना करतात तेव्हा रूप आहे एऽरेऽसन्तो. होमरच्याच ओडिसीच्या दुसऱ्या सर्गात ओदिसेउसचा मुलगा तेलेमाखोस म्हणतो की आईला घराबाहेर काढलं तर ती जाताना एरिन्युएसना हाक मारील, तिथे आरेऽसेताइ. या ‘स’च्या आधी ‘रा’ दिसला तर अथेन्स किंवा त्यानंतरची सर्वसामान्य ग्रीक, ‘रेऽ’ दिसला तर होमर किंवा आयोनिया. एका अक्षरावरून मजकूर साधारण कुठल्या मुलखातला आहे ते कळतं.

पूर्णकाळाचं एकच रूप पाठ करा: कतेऽरामेनोस, ‘शापित’. क्रियापद आत्मनेपदी असलं तरी हे रूप ‘ज्याला शाप दिला गेला आहे’ अशा अर्थाने येतं. मत्तयच्या शुभवर्तमानात, 25व्या अध्यायातल्या 41व्या वचनात, डावीकडच्यांना ‘माझ्यापासून दूर व्हा’ असं म्हणताना हाच शब्द अनेकवचनात आहे, कतेऽरामेनोइ.

तिसरी पायरी: शाप कोणावर? विभक्ती पाहा

मराठीत ‘त्याला शाप दिला’ म्हणताना ‘ला’ चतुर्थीचा की द्वितीयेचा, हा विचार आपण करत नाही. ग्रीकमध्ये तो करावाच लागतो, कारण त्यावरून मजकुराचा काळ ओळखता येतो.

होमरपासून अथेन्सच्या लेखकांपर्यंत, ज्याच्यावर शाप जातो तो चतुर्थीत असतो आणि जे संकट मागितलं ते द्वितीयेत. ओडिसीच्या 19व्या सर्गात तेलेमाखोसची आई पेनेलोपी निर्दय माणसाबद्दल बोलते: तोऽइ दे कतरोऽन्ताइ पन्तेस ब्रोतोइ अल्गे ओपिस्सोऽ. शब्दशः लावू. तोऽइ, त्याला (चतुर्थी). पन्तेस ब्रोतोइ, सगळी मर्त्य माणसं. अल्गे, दुःखं (द्वितीया). ओपिस्सोऽ, पुढे, मागाहून. ‘त्याला सगळी माणसं पुढच्या दुःखांचे शाप देतात.’ क्रियापदाची सगळी रचना या एका ओळीत आहे. वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवावी अशी ओळ.

अरिस्तोफानेसच्या इ.स.पू. 405 मधल्या ‘बेडूक’ नाटकात दोन गुलाम गप्पा मारतात. एक म्हणतो, मालकाला चोरून शिव्याशाप देताना मला जे सुख मिळतं ते काय सांगू. तिथेही मालक चतुर्थीत आहे: तोऽइ देस्पोतेऽइ. क्रियापद कतरासोऽमाइ. नीट पाहा, भविष्यकाळ कतरासोमाइ होता. फरक फक्त ‘सो’ आणि ‘सोऽ’ एवढाच. दीर्घ ‘ओऽ’ असलेलं हे रूप ‘जेव्हा जेव्हा शाप देतो’ अशा अनिश्चित प्रसंगाचं आहे. ग्रीक लिपीत ही दोन वेगळी अक्षरं असल्यामुळे डोळ्याला फरक दिसतो, पण घाईत वाचणाऱ्याच्या हातून निसटतो.

आता इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून हिब्रू धर्मग्रंथांचं जे ग्रीक भाषांतर होत गेलं, तिकडे वळा. उत्पत्तीच्या 12व्या अध्यायात देव अब्राहामला म्हणतो: तूस कतरोऽमेनूस से कतरासोमाइ, ‘तुला शाप देणाऱ्यांना मी शाप देईन’. ‘से’ म्हणजे तुला, पण ही द्वितीया आहे. ‘तूस कतरोऽमेनूस’ हीसुद्धा द्वितीया. हिब्रूत शाप देण्याच्या क्रियापदांना सरळ कर्म लागतं, आणि भाषांतराच्या ग्रीकमध्ये तेच वळण दिसतं. ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो तेव्हाही, कतेऽरासतो आणि पुढे ‘दिवस’ द्वितीयेत. नव्या करारातही द्वितीयाच चालते. लूक 6:28 मधल्या ‘तुम्हाला शाप देणाऱ्यांना आशीर्वाद द्या’ या वचनात आजच्या संपादित पाठात ‘हूमास’ (द्वितीया) आहे, आणि युरोपात छापखान्याच्या सुरुवातीच्या शतकांत रूढ झालेल्या पाठात ‘हूमीन’ (चतुर्थी). अर्थ तोच. दोन छापील प्रती वेगळ्या दिसल्या तर घाबरू नका.

नव्या करारात हे क्रियापद संपादित पाठात पाचच ठिकाणी येतं: मत्तय 25:41, मार्क 11:21, लूक 6:28, रोमकरांस पत्र 12:14 आणि याकोब 3:9. सरावाला ही पाच वचनं फार सोयीची, कारण मराठी भाषांतर शेजारी ठेवता येतं. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर 1924 साली निघालं. एका मराठी बाईने शंभर वर्षांपूर्वी याच रूपांशी झटापट केली होती, हे जाणवलं की पाठांतर जरा हलकं होतं.

चौथी पायरी: शाप आणि शापाचं वर्णन यांत फरक करा

कतरओमाइ बहुतेक वेळा शापाबद्दल सांगतं. प्रत्यक्ष शाप दुसऱ्याच रूपात उच्चारला जातो. मार्कच्या 11व्या अध्यायात येशू फळ नसलेल्या अंजिराला म्हणतो, ‘यापुढे तुझं फळ कोणीही कधी न खावो’. तिथे क्रियापद आहे फगोइ, इच्छार्थी रूप. कतरओमाइ कुठेच नाही. दुसऱ्या दिवशी झाड वाळलेलं पाहून पेत्र म्हणतो, ‘गुरुजी, तुम्ही शाप दिलेलं अंजीर वाळलं’, आणि तेव्हा येतं कतेऽरासोऽ. घडलेल्या गोष्टीला पेत्राने ते नाव दिलं.

हे इच्छार्थी रूप मराठी माणसाला शिकवायला लागू नये. ‘वाटोळं होवो’, ‘हात झडोत’, ‘जळो मेलं’ यातला ‘ओ’ तेच काम करतो. ख्रिसेसच्या तोंडी ते रूप ‘तीसेइअन’ असं येतं, ‘भरपाई करोत’. युरोपीय भाषांतून ग्रीक शिकणारे याच ठिकाणी अडखळतात. आपल्या गल्लीतल्या कुठल्याही भांडणात हे रूप ऐकायला मिळतं.

याखेरीज शापाचा मजकूर भाववाचक रूपातही सांगतात. अरिस्तोफानेसच्या इ.स.पू. 411 मधल्या एका नाटकात बायकांची सभा भरते आणि त्यात अथेन्सच्या लोकसभेची नक्कल होते. खऱ्या सभेच्या आरंभी दवंडी देणारा अधिकारी लोकांना फसवणाऱ्यांवर शाप उच्चारत असे. नाटकात तो शाप बायकांच्या शत्रूंवर आणि मापात पाप करणाऱ्या दारूवालीवर जातो, आणि शेवटी हुकूम येतो: अरास्थे, ‘शाप मागा’, काय, तर तो स्वतः आणि त्याचं घर वाईट रीतीने ‘अपोलेस्थाइ’, नष्ट होणे. अरास्थे आणि कतरास्थे ही रूपं ‘तुम्ही शाप देता’ आणि ‘शाप द्या’ या दोन्ही अर्थांनी सारखीच दिसतात, संदर्भावरून ओळखायची. रोमकरांस पत्रात ‘मेऽ कतरास्थे’ आहे. ‘मेऽ’ हा निषेध आज्ञेबरोबर येतो, म्हणून ‘शाप देऊ नका’.

शापाचा पूर्ण मजकूर कसा असतो ते पाहायचं तर तेओस शहराचा लेख वाचा. आजच्या तुर्कस्तानात इझमीरजवळ सिगाजिकच्या बाजूला हे शहर होतं, आणि लेख इ.स.पू. पाचव्या शतकाच्या पूर्वार्धातला मानतात. तेओसच्या लोकांविरुद्ध विषारी औषधं करील, धान्याची आयात अडवील, तो स्वतः आणि त्याचा वंश नष्ट व्हावा, असं त्यात एकामागून एक येत राहतं. यातली मला सर्वांत आवडती कलमं शेवटची. जे अधिकारी ठरलेल्या सणांना हा शाप (तिथे शब्द एपरेऽ) मोठ्याने म्हणणार नाहीत, त्यांनाही हाच शाप. जो हे शिलालेख फोडील, अक्षरं खरवडील, त्यालाही हाच. अक्षरांना तिथे ‘फिनिशियन चिन्हं’ या अर्थाचा शब्द आहे, कारण ग्रीकांनी लिपी फिनिशियनांकडून घेतली हे त्यांना ठाऊक होतं. शिलाहार आणि यादव काळातल्या दानलेखांखालचं गधेगाळ ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल: दगडाला पहारेकरी ठेवता येत नाही, म्हणून शाप ठेवायचा. तेओसकरांनी मात्र तो दरवर्षी वाचून दाखवायची सक्तीही केली.

पाचवी पायरी: शेजारचे शब्द

सगळे शाप कतरओमाइने होत नाहीत, आणि इंग्रजी भाषांतरात एकाच शब्दाखाली येणारी ग्रीक क्रियापदं वेगवेगळी असतात.

कतेउखोमाइ हे ‘एउखोमाइ’ (प्रार्थना करणे) या क्रियापदाला तोच ‘कता’ जोडून झालेलं. सोफोक्लेसच्या नाटकात राजा इडिपस आपल्या आधीच्या राजाच्या, लायोसच्या, खुन्यावर जाहीर शाप घालतो तेव्हा हे वापरतो. ते प्रार्थनेसाठीही येतं, त्यामुळे दर वेळी संदर्भ तपासा.

कतदोऽ म्हणजे ‘खाली बांधतो’. अथेन्सच्या केरामेइकोस दफनभूमीत आणि इतरत्र शिशाचे पातळ पत्रे सापडले आहेत, त्यांवर प्रतिस्पर्ध्याचं नाव लिहून त्याची जीभ, हात, मन ‘बांधलेलं’ असतं. पत्रा गुंडाळून, बऱ्याचदा खिळा ठोकून, थडग्यात किंवा विहिरीत टाकायचा. कोर्टातला विरोधक, धंद्यातला शेजारी, प्रेमातला वाटेकरी, असे सगळे त्यात येतात. असे दीड हजारांहून जास्त पत्रे आज माहीत आहेत. इथे क्रियापद प्रथमपुरुषी आहे, आणि ते लिहिणं हीच कृती आहे. कतरओमाइ देवाकडे जाहीर मागणं, कतदोऽ गुपचूप केलेली करणी. पुष्कळ लोकप्रिय लेखांत हे दोन्ही एकत्र कालवलेले असतात. तसं करू नका, समाजात त्यांची जागा फार वेगळी होती.

लोइदोरेओऽ आणि ककोलोगेओऽ ही शिव्या देणे, वाईट बोलणे. देवाचा संबंध नाही. अनथेमतिझोऽ हे ग्रीक बायबलच्या वापरातलं, स्वतःला किंवा दुसऱ्याला शापाखाली ठेवून शपथ घेणे. पेत्र येशूला नाकारतो तेव्हा मार्क हे वापरतो.

सहावी पायरी: फसवणारी रूपं

अपेक्षेपेक्षा जास्त वेळ इथे जातो. ग्रीक लिपीत ‘अ’ ऱ्हस्व की दीर्घ हे अक्षरावरून कळत नाही, स्वराघाताच्या खुणेवरून किंवा छंदावरून काढावं लागतं.

एऽरातो (मागणं मागत होता) आणि एऽरतो (मिळवलं, जिंकलं). दुसरं ‘उचलणे’ या क्रियापदाचं. इलियडमध्ये कीर्ती मिळवण्याच्या संदर्भात येतं. अक्षरं तीच, आघात वेगळा.

एऽरासतो (शाप दिला, अथेन्सचं रूप) आणि एऽरसतो (प्रेमात पडला). इलियडच्या 16व्या सर्गात हर्मीस नाचणाऱ्या पोलिमेलीला पाहून प्रेमात पडतो, तिथे दुसरं आहे. होमरमध्ये घोटाळा होत नाही, कारण त्याचा शाप ‘रेऽ’ने येतो. नंतरच्या मजकुरात लक्ष ठेवा.

कतराइ: आघात शेवटी असेल तर ‘तू शाप देतोस’, मधल्या ‘त’वर असेल तर ‘शापाला, शापाने’ हे नाम.

कतरोऽन पाहून वर्तमानकालीन ‘शाप देणारा’ असं वाटतं. पण आपल्या क्रियापदाला परस्मैपदी रूपं नाहीत हे दुसऱ्या पायरीत ठरलं. तेव्हा हे नामच असणार: ‘शापांचा, शापांची’, षष्ठीचं अनेकवचन.

सातवी पायरी: हातात घेऊन वाचा

कोश म्हणून लिडेल-स्कॉट-जोन्स वापरा. तो पर्सियस या संकेतस्थळावर फुकट आहे आणि तिथे रूपावर टिचकी मारली की फोड मिळते. आधी स्वतः फोड करा, मग टिचकी मारा. यंत्र कतरोऽनसारख्या रूपाला दोनतीन पर्याय देऊन मोकळं होतं, निवड आपल्यालाच करावी लागते. बायबलच्या ग्रीक शब्दांना क्रमांक देणाऱ्या स्ट्राँगच्या सूचीत कतरओमाइचा क्रमांक 2672, कतराचा 2671.

क्रम असा ठेवा. आधी नव्या करारातली पाच वचनं. मग ओडिसीतली पेनेलोपीची ओळ. मग इलियडच्या नवव्या सर्गात म्हातारा फिनिक्स सांगतो ती त्याच्या तरुणपणीची कहाणी, 447व्या ओळीपासून. आईच्या आग्रहावरून तो बापाच्या रखेलीशी संबंध ठेवतो, आणि बाप ‘पोल्ला कतेऽरातो’, पुष्कळ शाप देत राहतो, एरिन्युएसना बोलावतो: या मुलाचं मूल माझ्या मांडीवर कधी न बसो. अपूर्ण भूतकाळ का, आओरिस्ट का नाही, हे ‘पोल्ला’ सांगतं. शाप एकदा देऊन तो थांबला नाही. पुढच्याच ओळींत देव ते शाप पुरे करतात, आणि तिथे नाम आहे ‘एपरास’.

त्यानंतर युरिपिदेसच्या मेदेआमधली 607वी ओळ. यासोन बायकोला सुनावतो की तू राजघराण्याला पापी शाप दिलेस: अरास तुरन्नोइस… अरोऽमेनेऽ. नाम आणि क्रियापद एकाच धातूचे, राजे चतुर्थीत, आणि ‘-मेनेऽ’ हे ‘-मेनोस’चं स्त्रीलिंग. एवढं स्वतः लावता आलं तर पहिल्या तिन्ही पायऱ्या पक्क्या झाल्या.

शेवटी प्लुतार्कने लिहिलेल्या अल्किबिआदेस या अथेन्सच्या सेनानीच्या चरित्राचा 22वा भाग घ्या. इ.स.पू. 415 मध्ये गुप्त विधींची टवाळी केल्याच्या आरोपावरून अल्किबिआदेसला गैरहजेरीत शिक्षा होते, मालमत्ता जप्त होते, आणि ठराव होतो की सर्व पुजाऱ्यांनी आणि पुजारिणींनी त्याला ‘कतरास्थाइ’. प्लुतार्क सांगतो, एकट्या थिआनो नावाच्या पुजारिणीने नकार दिला. तिचं उत्तर तीन-चार शब्दांचं आहे आणि फोड तुमची: एउखोऽन, ऊ कतरोऽन. ‘एउखोऽन’ हे ‘प्रार्थना’ या नामाचं षष्ठीचं अनेकवचन, ‘ऊ’ म्हणजे ‘नाही’, आणि तिसरा शब्द सहाव्या पायरीत येऊन गेला आहे. पुढे ‘पुजारीण’ हा शब्द आहे.